नखाखालचा रंग

मासा मरतो, त्याचा काटा मरत नाही.
हे नेरेआ म्हणाली, मी नाही.
तेव्हा तिला ताप एकोणचाळीसच्या वर होता
आणि ती मला आदोयो म्हणत होती,
आदोयो तिची बहीण, वारलेली.

दुंगाच्या धक्क्यावर म्बुता साफ करताना
अंगठ्यात एक काटा गेला, मंगळवारी.
बुधवारी ठणका. मिठाचं पाणी.
गुरुवारी बाजार होता, बाजार कुणी बुडवतं का?
शुक्रवारी रात्री मोटरसायकलवर
दोघांच्या मधे दाबून धरून आणली.
श्वास मिनिटाला चौतीस,
रक्तदाब वरचा अठ्ठ्याहत्तर,
खालचा मला ऐकूच येईना.

आधी रक्त तपासणीच्या बाटलीत, मग औषध शिरेत,
तास भरायला अजून अकरा मिनिटं होती.
डॉक्टर ओचोलांनी अंगठा उभा चिरला.
पू निघाला. नेरेआने आदोयोला
अशी काही शिवी हासडली
की मला हायसं वाटलं:
शिवी सुचते आहे,
म्हणजे मेंदूला रक्त पोचतं आहे.

पुढची रात्र माझ्यावर सोपवलेली.
चालू पंप एकच, तो पलीकडच्या बाळंतिणीला.
इथे थेंब मी मोजायचे, मनगटावरच्या घड्याळाशी.
सलाइन कमी पडलं तर मूत्रपिंड रुसेल,
जास्त झालं तर फुप्फुसात पाणी.
तळ्याकाठच्या माणसांना हे शिकवावं लागत नाही,
पाणी कुठवर आपलं
आणि कुठल्या पायरीपासून नाही.

पुस्तकात लिहिलंय, गुडघ्यांवर जांभळी जाळी उठते का पाहा.
पुस्तकातले गुडघे सगळे गोरे.
मी हाताची पाठ टेकवते. गार.
मग तिच्या चांगल्या हाताचं मधलं बोट धरते,
नख दाबते, पांढरं पडतं,
सोडते.
एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.
तेव्हा कुठे गुलाबी,
तेही शेजारून उसनं आणल्यासारखं.

पिशवीत तासाभराची लघवी: दहा मिलिलिटर,
कपाच्या तळाशी उरलेल्या चहाच्या रंगाची.

याच खाटेवर गेल्या महिन्यात म्हातारा ओगुटू होता.
चौथ्या दिवशी आला.
आधी लघवी थांबली, मग डोळे पिवळे,
मग हिरड्यांतून रक्त.
एकाने काम टाकलं की शेजारचा म्हणतो,
मग मीच काय म्हणून?
त्याच्यासाठीही डोळ्यांत तेल घालून बसले होते.
तेल तेवढंच लागतं, दोन्हीकडे.

दोन वाजता वीज गेली.
टॉर्च दातांत धरून नख दाबलं.
अंधारात मला आईच्याच भाषेतले आकडे सुचतात:
आचिएल, आरियो, आदेक, आङ्ग्वेन.
चारला रंग आला.
मी पुन्हा दाबलं, विश्वास बसेना म्हणून.
पुन्हा चार.

तीन वाजता बावीस मिलिलिटर.
चार वाजता अडतीस.
पिशवी टॉर्चपुढे धरून पाहिली,
बाजारात मध पारखतात तशी.
वहीत लिहिलं, पण लिहून भागेना,
कुणाला तरी सांगायचं होतं.
जागा होता फक्त दारावरचा पहारेकरी.
"मुतली ना?" तो म्हणाला, "मग जगेल."
साडेतीन वर्षं शिकले मी,
याने चार शब्दांत परीक्षा घेऊन टाकली.

उजाडताना तिची भाची पेज घेऊन आली.
नेरेआने माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला, अडखळत,
पहिल्यांदाच मला माझ्या नावाने हाक मारली:
"अवुओर. मध्यरात्री जन्मलीस होय?
मला काय झालं होतं?"
"अंगठ्यात काटा गेला होता."
"आणि रात्री?"
"रात्री काही झालं नाही."

तिने पट्टी बांधलेला अंगठा उलटसुलट करून पाहिला,
शनिवारचा बाजार बुडाला म्हणून कुरकुरली,
पेजेत साखर कमी म्हणाली,
मग माझ्याकडे नीट बघत,
"काही झालं नाही,
तर तू एवढी का गं दमलीस?"